तोर्गोय

३ मार्च
लग्न होऊन आज नारिन गावी सासरी आले. सासूबाईंनी, म्हणजे आपांनी, दारातच तोंडात लोणी-पाव कोंबला. बोलायची सोयच ठेवली नाही! नवरा तिलेक लाजून लाल. त्याची पहिल्या बायकोपासूनची सहा वर्षांची लेक कालच इस्पितळातून आली. टॉन्सिल आणि नाकामागची गाठ काढलीय. थंड, मऊ खायचं; आठवडाभर बोलणं बंद, पाटीवर लिहायचं. काही न खाता सारखी गिळायला लागली, तर आत रक्त वाहतंय समजून लगेच आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.
तिचं नाव तिलेकच्या आजीचं. सुनेनं ते कसं घ्यावं? आपा म्हणाल्या, माझ्या सासूला एकेरीत हाक मारतेस की काय गं? दुसरं शोध. मी 'तोर्गोय' शोधलं, चंडोल. पोर गालात हसली. मला फार आवडली ती.

५ मार्च
तिचं घोरणं थांबलं. आपा म्हणतात, आता तिलेकचंही कापून आणा!
दुपारी स्वयंपाकघरातून विचारलं, तोर्गोय, दही हवं? 'हवं' म्हणाली. जाऊन रागावले. तिनं पाटीवर लिहिलं: मी बोलले नाही.

८ मार्च
आज कोठीघरातून मला 'एजे', म्हणजे 'ताई', अशी हाक आली. तिचाच आवाज. ती तर आपांच्या मांडीवर होती.
आपांना सगळं सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. पोरीच्या कानात तीनदा सांगितल्याशिवाय नाव घरात मोकळं सोडलंस? मग जे कुणी 'ओ' देईल, नाव त्याचंच.
मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं.

९ मार्च, दुपार
आपा आणि तिलेक मुल्लांना आणायला गेलेत. घाटात बर्फ.
ती झोपलीय. गिळतेय. पुन्हा गिळतेय —
खरं नाव घेतलं. सालकिन! तिनं तोंड उघडलं. सगळं लाल.
रुग्णवाहिकेला फोन केला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, मागं मुलगी बोलतेय ना? बरी आहे म्हणतेय, घाबरता कशाला. त्यांनी फोन ठेवला.
शेजारी कुणी नाही. तिला शालीत गुंडाळलंय, रस्त्यावर नेते —
रस्त्यावर एकही गाडी नाही. परत येऊन फोन पुन्हा लावला. मी बोलायच्या आधीच माझ्याच आवाजात कुणीतरी — चुकून लागला, राहू द्या —
आता माझ्या घशातून आवाजच निघत नाही. दाराशी हे पान धरून उभी राहीन. जो वाचेल त्यानं गाडी — सालकिन, सहा वर्षं, घशातून रक्त — बाहेर कुणीतरी थांबलंय, आणि माझा आवाज आतून त्याला सांगतोय की सगळं ठीक —