गाडी पोचली, मी मागून येतो

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. कंबर वाकत नाही, म्हणून हा कागदच दोनदा वाकवून पाठवतो आहे. तो पायांवर पडला असं समज. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की बाटली नुसती उन्हात ठेवतेस? भावोजींची कवळी बसली का, की अजून खिशातच असते? फोनच केला असता, पण फोनवर तू फक्त स्वतःचं ऐकतेस (रागावू नकोस, लहानपणीही असंच होतं, तेव्हा फोन नव्हता एवढंच). शिवाय माझा फोन सध्या माझ्याजवळ नाही. तो का नाही, हाच या पत्राचा विषय.

तुला ठाऊकच आहे, आमच्या घरात गाडीच्या किल्लीवरून धुसफूस चालू आहे. चिरंजीवांचं म्हणणं, बाबा, तुमचं लक्ष नसतं. माझं म्हणणं, लक्ष असतं, फक्त ते गाडीत नसतं. शेवटी सूनबाईंनी तोड काढली. समोरच्या बेटावर बाबांनी एकट्याने गाडी न्यावी, दिवसभर हिंडावं आणि संध्याकाळच्या बोटीने, एकही ओरखडा न पडता, गाडी परत आणावी. तसं झालं तर किल्ली माझी. नाही तर ती त्यांच्या कपाटात आणि मी बसच्या रांगेत. चिरंजीव स्वतः आमच्या धक्क्यावर उभे राहून गाडी तपासणार होते, मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंसारखे.

बेट म्हणजे काय सांगू तुला! ताटाच्या काठासारखा भोवती फिरलेला एकच रस्ता, इतका अरुंद की समोरून मेंढी आली तरी कुणीतरी मागं जायचं. अर्थात मीच जात होतो. दगडी कुंपणं, मधूनच एखादं कौलारू घर, वाळत घातलेल्या चादरी. गाडी मी अशी चालवली की चिरंजीवांनी बघावं. मग चढ संपला आणि दोन्ही बाजूंना एकदम समुद्र उघडला, आणि ताई, आपली ती चौथीच्या पुस्तकातली समुद्राची कविता तोंडात आली. तू भांडी घासताना म्हणायचीस ती (मला ती शाळेत जाण्याआधीच पाठ होती, गुरुजींना मात्र वाटलं की त्यांनी शिकवली). गाडी रस्त्यातच थांबवली, रस्ता रिकामा होता. एका खडकावर चढलो आणि हातवाऱ्यांसकट सुरू केलं. मेंढ्या जमल्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांनी शांतपणे ऐकलं. तिसरं कडवं मात्र आठवेना. उडी मारायला मागं जाऊन धावत यावं, तसा मी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून धावत येत होतो आणि तिथंच अडत होतो. शेवटी मान वळवून बघतो, तर गाडी नाही.

गवत कापणारी एक बाई होती, तिला विचारलं. ती विळाही न थांबवता म्हणाली, “किल्ली आत होती ना? मग नेली असेल कुणीतरी.” वाऱ्याने टॉवेल नेला असावा अशा सुरात. इथला रिवाजच तसा आहे म्हणे. रस्ता अरुंद, म्हणून किल्ली गाडीतच ठेवायची; ज्याची वाट अडेल त्याने गाडी पुढं रुंद जागी नेऊन लावायची, आणि त्याला आणखी पुढं काम असेल तर आणखी पुढं. गाडी कुणाची, हे फक्त पेट्रोल भरताना विचारतात.

मी पायी निघालो. उताराखाली डेअरी लागली. दूधवाल्याच्या बायकोने माझी गाडी तिथवर आणली होती, मागून नवरा आपली घेऊन आला. “तुमची का हो ती? ब्रेक छान आहेत, आजोबा. क्लच मात्र फार वरून धरतो, दाखवून घ्या.” आणि गाडी? ती बेकरीवाल्याने नेली, त्याला पाव पोचवायचे होते. माझा चेहरा बघून तिने भिंतीला टेकलेली सायकल पुढं केली. “ही घ्या. ही पण आमची नाही.”

ताई, मी सायकलवर बसलो. (भावोजींना हे वाचून दाखवू नकोस, त्यांना मोह होईल.) पुढं टोपली, घंटी वाजत नाही पण बाकी सगळी सायकल वाजते, आणि समोर उतार. पाय आपोआप पायडलवरून सुटले, वारा सदऱ्यात शिरला, आणि अडलेलं तिसरं कडवं आपणहून तोंडातून बाहेर पडलं! मी ते इतक्या जोरात म्हटलं की एका घरातून कुणीतरी “काय हवंय?” म्हणून ओरडलं.

बेकरीवाला म्हणाला, “गाडी नर्सबाईंनी नेली, टोकाच्या घरी बाळंतीण अडली होती.” आता तूच सांग, माझ्या गाडीतून कुणाचा तरी जन्म निघाला असताना मी ओरखड्याची चौकशी कशी करणार? (मुलगी झाली. दोघी सुखरूप.) परतताना नर्सबाईंना वाटलं, पाहुण्याची गाडी दिसते, बिचाऱ्याची बोट चुकायला नको. म्हणून त्यांनी ती धक्क्यावर रांगेत लावली. आणि रांगेतल्या गाड्या बोटीवर चढवतात खलाशी. मालक वर चहा पीत बसलेले असतात असं धरून चालायचं.

मी सायकलवरून धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट सुटली होती. माझी गाडी सगळ्यांत पुढं, समुद्राकडं तोंड करून ऐटीत उभी. मी दोन्ही हात हलवले. बोटीवरच्या लोकांनीही प्रेमाने हलवले.

“आजोबा, बोट चुकली?” चहावाली म्हणाली.

“बोट नाही हो. गाडीनेच मला टाकलं.”

तिच्याच फोनवरून नंतर चिरंजीवांशी बोललो. गाडी वेळेवर उतरली होती, ओरखडा नाही. आत मागच्या सीटवर एक पाव, माझा घडी घातलेला कोट, आणि कोटात वाजणारा माझा फोन, जो तोच लावत होता. तो इतका ओरडला की मधला समुद्र ओलांडायला फोनची गरज नव्हती. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, “बाबा, काही खाल्लंत का?” मला थोडा वेळ बोटींकडं बघत उभं राहावं लागलं.

चहावालीने माडीवरची खोली दिली आहे. उद्या बोटीची सुट्टी. टपाल मात्र मासेवाल्याच्या होडीतून जातं. तिच्यात पत्रं बसवतात, म्हातारे नाही. सबब हे पत्र माझ्या आधी पोचेल. भावोजींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझा धाकटा

ता.क. खरं काम राहिलंच. रविवारी तो तुझ्याकडं येईल. तो फक्त आत्याचं ऐकतो. त्याला ठणकावून सांग, अट गाडीची होती. संध्याकाळची बोट, ओरखडा नाही, परत आली. बाबा परत यायला हवेत असं कुणीही म्हटलं नव्हतं. किल्ली मिळवून दे.

आणखी ता.क. किल्ली हातात आली की त्याच संध्याकाळी मी ती त्याला देऊन टाकणार आहे. तो लहानपणी बाजारात माझा हात सोडून हरवला होता, तेव्हा माझा आवाज असाच बारीक झाला होता. पण हे त्याला इतक्यात कळू देऊ नकोस. घेतलेली किल्ली वेगळी आणि दिलेली वेगळी. तू आधी त्याला नीट हरव.