करगोटा सैल झाला त्या वर्षी

आत्याबाई, चुलीवर भात ठेवून शेजारणीशी बोलत बसायचं आणि तो करपला की मलाच विचारायचं, ही तुमची विसरभोळी रीत. म्हणून आधी ओळख देते. मी तुमची सून. तीच, जिला तुम्ही माणसं खाणारी भुताळी ठरवायला निघाला होतात. मला अक्षर येत नाही, नात लिहिते आहे, आणि मधेमधे हसते आहे.

तेव्हा जव्हारला राजांचं राज्य होतं. आमची पोर रांगायला लागली आणि तुमच्या लेकाला गालगुंडं झाली, ती खाली अंडात उतरली. बरा झाला, पण पुढं दाढी विरळ झाली, पोट नि छाती लोण्यासारखी मऊ, दंड लोंबायला लागले. नागलीचं पोतं उचलताना धापा टाकायचा. "सुनेच्या हातचं खाऊन सुटलाय," तुम्ही म्हणायचात. मग तो आपल्या साखरशेत गावाहून सारखा जव्हारला जायला लागला. विचारलं तर म्हणे, "बाजार." बाजार नसेल त्या दिवशीही बाजार! परत आला की अंगाला दारूसारखा वास, तोंडाला मात्र नाही. मला वाटलं, तिकडं कुणी ठेवलीय. मी त्याचा सदरा हुंगायची, आणि तुम्ही मला हुंगताना बघायचात.

पावसाळा सरता सरता त्याचं पोट उतरलं. कमरेचा करगोटा घसरायला लागला, आणि तुम्ही भगत आणलात. अजून दिसतंय: तुमचा लेक अंगणात उघडा बसलाय, सारा पाडा जमलाय, भगत कौल बघायला सुपातले तांदूळ निवडतोय, नि तुम्ही म्हणताय, "माझ्या पोराला आतून कोण खातंय, नाव घे." भगत तांदूळ सोडून माझ्याकडं बघतो. नाव निघालं असतं तर पोरीसकट पाड्याबाहेर, नाहीतर त्याहून वाईट. मी म्हटलं, "आत्याबाई, खाणारी पोट खाते आणि दंडाला भरवते होय? दंडावरच्या ताइताचा दोरा बघा, मांसात रुतलाय." मग तोच उठला. मान खाली घालून म्हणाला, "दवाखान्यात सुई घेतो मी. पुरुषाच्या अंगात जो रस बनतो तो माझ्यात बनत नाही, डॉक्टर बाहेरून घालतो." ज्या लाजेपायी इतके दिवस बाजार सांगितला, ती त्यानं माझ्यासाठी चारचौघांत उघडी केली.

तुमचा विश्वास बसला नाहीच. "सुईनं चरबी उतरते नि मांस चढतं? मग बैलाला का नाही टोचत?" म्हणालात, आणि मरेपर्यंत भाकर वाढताना त्याचा दंड चाचपत राहिलात. चाचपून माझ्याकडं बघायचात. सुईवर माझाही पुरता भरवसा नव्हता; एखाद्या वर्षी पावसात वाट बंद झाली, सुई चुकली, की पोट हळूहळू परत यायचं.

एक तुम्हाला कधी सांगितलं नाही. भगत माझ्याकडं बघत होता ना, तेव्हा मलाही वाटून गेलं, झोपेत मीच खात असेन की काय. पुढं कितीतरी दिवस मी त्याच्याकडं पाठ करून निजले. त्याला वाटलं, मी सुईवर रागावले.

नात विचारते, हे पाठवायचं कुठं? कुठं नाही गं, ठेव फडताळात. सर्वपित्रीला कावळ्याच्या पानावर उडदाचं वरण पाठव, वर सुकटीची चटणी. तिखट हात राखून घाल. म्हातारीला उचकी लागली तर माझंच नाव घेईल.