भुरीच्या उंचीवरून

९ फेब्रुवारी, सोमवार
एका शाळेचं काम मिळालं. मुलांना प्राण्यांबद्दल माया वाटावी, असं काहीतरी डिझाइन करायचंय. माझी आयडिया पक्की: पुठ्ठ्याचं कुत्र्याचं तोंड. ते घालून मुलांनी रांगायचं. जग कुत्र्याच्या उंचीवरून दिसेल. शुक्रवारी घरीच टेस्ट. दादाची ओवी सहा वर्षांची आहे आणि जिन्याखाली भुरी कुत्री नुकतीच व्यालीये. सगळं जुळून आलंय.

१० फेब्रुवारी
जुळलेलं नाही. आई रोज शेवटची पोळी कुत्र्याची म्हणून काढते. ओवी ती भुरीला नेऊन देते. म्हणजे माया आधीच आहे! मग डिझाइनने काय केलं, हे कळणार कसं? लहानपणी बाबांनी घरी गणितं शिकवली तेव्हापासूनचा माझा नियम, उत्तर आधी बघायचं नाही. टेस्टपर्यंत पोळी बंद.
आई म्हणाली, काहून वं? ओली बाळंतीण हाय ते. मी म्हटलं, फक्त शुक्रवारपर्यंत. आई म्हणाली, मंग तिलेच सांग शुक्रवार.

११ फेब्रुवारी
भुरी आता खायला रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर जाते. आमचा हा भनपुरीचा रस्ता, सगळे ट्रकच. कुत्र्यांना ट्रॅफिक कळतं. मी फाटकाशी उभी होते ते हवेसाठी. ती परत आल्यावर आत आले. हवा धुळकट होती.

१२ फेब्रुवारी
ओवी स्वतःची पोळी फ्रॉकमध्ये लपवून नेत होती. परत ताटात ठेवायला लावली. ती शाळेतल्या हिंदीत म्हणाली, आत्या, आप गंदी हो. मुलं बोलतात असं.
मग बाथरूममध्ये जाऊन रडले. गोंदाने डोळे चुरचुरतात.
पुठ्ठ्याचे कान मात्र सुंदर झालेत.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
टेस्ट झाली. ओवीने तोंड चढवलं आणि थेट जिन्याखाली शिरली. पिल्लांशेजारी जाऊन पडली. भुरीने जागा करून दिली. मी फोटो काढायला वाकले, तर गुरगुर ऐकू आली. भुरीची नव्हती. पुठ्ठ्यातून आली.
डिझाइन शंभर टक्के यशस्वी.
आईने विचारलं, आता तरी देऊ का वं पोळी? हव म्हटलं. मीच नेली. खाली ठेवली, मऊ आवाजात हाक मारली. जिन्याखालून ओवी आणि भुरी दोघी माझ्या हाताकडे बघत राहिल्या.
शेवटी फाटकापर्यंत गेले, पाठ करून उभी राहिले. तेव्हा कुठे खाण्याचा आवाज आला.