शेंदराखालचं लोखंड

सणसवाडी, नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप दादास धाकट्या राजश्रीचा नमस्कार.

मी बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

आप्पांच्या नांगराला लागलेला आपला लोखंडी देव आभाळातून पडलेला, उल्केचा तुकडा. माझ्या कॉलेजच्या सरांनी तपासलं तेव्हा त्यात भरपूर निकेल निघालं होतं. फुटलेल्या ग्रहाच्या पोटातलं लोखंड तसंच असतं. सरांनी तो मागितला, तर तूच गरजलास, “देव हाय त्यो, कुणाला द्यायचा न्हाई!”

दसऱ्याला घरी आले तेव्हा त्याच्या बुडाचा चिमूटभर चुरा आणून मी माझ्या कंपनीच्या लॅबमध्ये तपासला. निकेल नावालाही नाही. मँगनीज आहे, रेल्वेच्या रुळात असतं तसं.

दौंडला रेल्वेत तूच आहेस, दादा. खरा देव कुणाला दिलास?

आईला कळवणार नाही. ती रोज दिवा लावते. तिच्या शेजारी उभा राहून तू हात कसे जोडतोस, तेवढं लिही.

राजश्री