गाळण्याचं मला शिकवू नका

२ जानेवारी, सकाळी ६
संकल्प : यंदा हॉस्पिटलची पायरी चढायची नाही. तीन वर्षांपूर्वी पोटाला पंचवीस दिवस रेडिएशन घेतले, कॅन्सर गेला. देवाने बरे केले. देव अर्धवट काम करत नाही. तरी म्हणे दर सहा महिन्यांनी रक्त-लघवी तपासा, रेडिएशनचा मार किडनीला बसतो आणि तो उशिरा कळतो. एकदाही गेलो नाही. झाले काही?

९ जानेवारी
लघवीला फेस येतो. बायकोने संडास धुवायचे नवे लिक्विड आणले आहे, त्याचा. तिला तसे सांगितले. म्हणाली, "मग मला का नाही येत?" हिला शास्त्र समजावण्यात अर्थ नाही.

१७ जानेवारी
बूट आवळतात. हल्लीचे चामडे बोगस. एक नंबर मोठे घेतले.

२० जानेवारी
कटकट नको म्हणून डॉक्टरकडे गेलो. बीपी एकशे सत्तर. मशीन स्वस्तातले. वर तो पोरसवदा डॉक्टर मला सांगतो, "काका, किडनी म्हणजे एक फिल्टर असतो." मला! सत्तावीस वर्षे पाणी शुद्धीकरण केंद्रात फिल्टर सांभाळतोय. गावच्या शाळेत गुरुजींनी मडक्यात वाळू-कोळसा भरून गढूळ पाणी गाळून दाखवले, तेव्हा हा जन्मलाही नव्हता. तपासण्यांची चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली. देवाची इच्छा.

३ फेब्रुवारी
केंद्रावर फिल्टर क्रमांक तीन तुंबला. ऑपरेटर पक्का ऐतखाऊ. तीन आठवडे वाळू धुतलीच नाही. विचारले तर दात काढून म्हणतो, "साहेब, पाणी येत होतं ना? चालत होतं." चालत होतं! असल्यांना फाटकात उभे करू नये. सगळ्यांसमोर झापले : बाबा रे, फिल्टर ओरडून सांगत नाही, रोज वाकून बघावे लागते. फार छान बोललो. मेमो लिहायला घेतला.

५ फेब्रुवारी
केंद्राचा जिना चढताना धाप. पायऱ्या नको तितक्या उंच बांधल्यात. कंत्राटदार चोर. सत्तावीस वर्षांत आज लक्षात आले.

८ फेब्रुवारी
सकाळी चेहरा सुजलेला. झोप जास्त झाली असणार. प्रार्थनेला बसलो, ते उठवेना. बायको म्हणाली, "अहो, डोळे दिसत नाहीत तुमचे." मग माझे मोठे बूट हातात घेऊन दारात उभी राहिली. गेलो. तिच्या समाधानासाठी.

१० फेब्रुवारी
रिपोर्ट आले. दोन्ही किडन्या मिळून तीस टक्केच काम करतात. रेडिएशनचाच परिणाम. गेले ते परत येणार नाही, उरले ते गोळ्यांनी टिकवायचे. "दोन वर्षांपूर्वी आला असता तर," एवढे बोलून डॉक्टर थांबला. मग हळूच विचारले, "काका, इतके दिवस तपासलं का नाही?"
मी म्हणालो, "चालत होतं."
बायकोने गोळ्यांची चिठ्ठी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.
दुपारी केंद्रावर जाऊन मेमो फाडला.