नऊ अंडी आणि निळ्या फुलांचा कप

आष्टा,
शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६

प्रिय शमशाद,

जय जिनेंद्र, आणि तुला तुझा सलाम. तुझ्या लेकीला, जीनतला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे तुझ्या कैफनं सांगितलं. पोरीला म्हणावं, कानाला रुमाल बांध. वाईला नदीचं गार वारं असतं. आम्ही दोघं बरे आहोत. उद्या कैफ तिकडं येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर मला ‘बरं हाय’च्या पुढं काही बोलता येत नाही.

तुझ्या कोंबडीची सात पिल्लं निघाली. पण त्याआधी तिनं मला काय भोगायला लावलं ते ऐक.

एसटीच्या घाईत तू भिंतीवरून ओरडलीस, “आवं आक्का, पाटीत खुडूक बसलीया, पोटाखाली नऊ अंडी हाईत. दिसातनं एकदा उठवा, दाणापाणी दावा, बास!” बास म्हणे! उठवायला गेलं की ती अंग फुगवून मनगटावर टोचणार. उठली की दिवसभर दाबून ठेवलेली घाण एकदम टाकणार, लिंबाएवढा गोळा. त्याचा वास नाकात जेवणापर्यंत पुरतो. वर तिच्या अंगावरच्या पिसवा माझ्या कोपरापर्यंत चढायच्या. आमच्या ह्यांनी फर्मान काढलं, “आंगूळ केल्याबिगर आत यायाचं न्हाई.” या थंडीत मी दिवसातून दोनदा डोक्यावरून पाणी घेतलं. दाणे पत्रावळीवर टाकायची. पाण्याला ठेवलं होतं एक भांडं.

सातव्या दिवशी अंडी बॅटरीवर धरून बघा, गर्भ न धरलेलं टाकून द्या, असंही तू सांगितलं होतंस. बघितली. आठांत लाल शिरा दिसल्या, एक नुसतं रिकामं. ते उकिरड्यावर टाकायला हात होईना. कांदाबटाटा न खाणारी बाई मी, आत जीव नाही हे ठरवणारी कोण? ठेवलं परत तिच्या पोटाखाली.

सोळाव्या दिवशी ते फुटलं. शमशाद, हिरवट पिवळं पाणी सगळ्या पाटीत, भुशात, कोंबडीच्या पोटाला. मी अंगणातच भडाभडा ओकले. मग नाकाला पदर बांधून भुसा बदलला, राख पसरली, उरलेली आठ अंडी एकेक करून पुसली. त्यातलं एक निघालंच नाही. माझ्या दयेनं एका जिवाचा घास घेतला, त्याबद्दल माफ कर.

हे झालं. आता त्या भांड्याचं सांगायचं राहिलं. तीन पानं फाडली, चौथ्यावर लिहितेय.

पहिल्या दिवशी कोंबडीला पाणी कशात द्यावं ते सुचेना. घरातलं भांडं तिला लावायचं नव्हतं. माझा हात आपोआप मागच्या खिडकीकडं गेला. निळ्या फुलांचा कप. तुझा. एकोणीस वर्षं तू त्यात माझ्याकडं चहा पितेस. मी एकदाही थांबून विचार केला नाही. भरला आणि ठेवला तिच्यापुढं.

गेल्या रविवारी सुट्टीला घरी आलेला कैफ कोंबडी बघायला आला. त्यानं कप उचलला. “काकू, ह्यो अम्मीचा न्हवं?” एवढंच बोलला. त्यानं तो तुमच्या नळावर राखेनं घासला, आणून खिडकीत पालथा ठेवला आणि गेला. अगदी तू ठेवतेस तसा. तुला त्यानं सांगितलं असेल, नसेलही.

तू गल्लीत सांगतेस, राजमतीआक्कानं माझ्यासाठी खास कप ठेवलाय. मी ऐकून हसायची. प्यायल्यावर तू तो स्वतः विसळायचीस, मी तोंडानं ‘राहू दे गं’ म्हणायची, पण तुझ्या हातातून घ्यायची नाही कधी. तुला कळत होतं ना गं? सगळं कळत होतं. त्या फुटलेल्या अंड्याची आली नसेल इतकी किळस मला माझीच आली. तो वास तीन आंघोळींत गेला. ही काही जात नाही.

काल सकाळी शेवटचं पिल्लू पाटीबाहेर पडलं. ओलं, चिकट, गारठलेलं. बघवत नव्हतं. पदरात घेतलं आणि तशीच गॅसच्या उबेला आत गेले. हे ओरडले, “आगं, सैपाकघरात कोंबडी?” मी म्हटलं, “व्हय. शमशादला एकुणीस वर्षांत उंबऱ्याच्या आत घेतली न्हाई, तिचं पिल्लू आलंय.” हे तेव्हापासून पेल्यातलाच चहा मागतात, कारण तुझा कप मी आत फळीवर आमच्या कपांत ठेवलाय आणि त्यांनी तो कधी नीट बघितला नसल्यानं कुठला तुझा ते त्यांना ओळखू येत नाही.

मला येतं. आज सकाळी मी त्यातच चहा घेतला.

तू आलीस की पिल्लं घेऊन जा. ती न्यायला भिंतीवरून हात करू नकोस, पुढच्या दारानं आत ये, स्वयंपाकघरापर्यंत. यावंसं वाटलं नाही तर तेही मला पटेल. तुझी पिल्लं मी तुझ्या दारात आणून देईन आणि बोलावलंस तर तिथंच, तू देशील त्या भांड्यात पाणी पिईन.

आक्का म्हणवून घ्यायची लायकी उरली का ते तू सांगेपर्यंत, नुसतीच

राजमती