मेंदीतली पिलं

शिरपूर, ता. ११ एप्रिल १९३७

लतीफास पानाबाईचा सप्रेम जयजिनेंद्र. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुम्ही गेल्याला दहा महिने झाले. उस्मानभाईंचं शिवणकामाचं दुकान आसेगावात चालू लागलं हे ऐकून बरं वाटलं. खरं म्हणजे मी पत्र लिहिणारच नव्हते, पण परवा जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय अन्न गोड लागेना.

आपल्या दोन परसांमधल्या भिंतीवर मी अजून मातीच्या परळात ज्वारी ठेवते. साळुंकी खारीला टोचून हाकलते, खार दुसऱ्या बाजूनं येते, अन् दोघींच्या भांडणात चिमण्या पोट भरून घेतात. यंदा बुलबुलानं पुन्हा मेंदीतच घरटं केलं. दोन पिलं होती. परवा सकाळी मी दाणे टाकत असतानाच खार परळातून उठली, मेंदीत शिरली आणि तोंडात पिलू घेऊन भिंतीवर आली. शेंगदाणा धरते तसं दोन हातांत धरून तिनं ते खाल्लं. बुलबुलं डोक्यावर ओरडत होती. मी हुसकलं तर जराशी सरकली, खातच राहिली. मीच तिला माणसाळवलं ना.

गेल्या चैत्रात पिलं नाहीशी झाली तेव्हा मी तुमच्या भुरीवर आळ घेतला. ते मांजर निर्दोष होतं. माझं चुकलं. तुझ्या अन्वरीला सांग, माझ्या नावानं भुरीला वाटीभर दूध पाज.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
तुझी पाना

आसेगाव, ता. १९ एप्रिल

पानाले लतीफाचा सलाम. मी सांगून राह्यली अन् आमचे हे लिहून राह्यले.

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. दूध पाजायले भुरी आता नाही. तू बोलली त्याच दिवशी ह्यायनं तिले पोत्यात घातलं अन् दूर रानात सोडून आले, शेजार टिकावा म्हणून. अन्वरी तीन दिवस जेवली नाही. तिले सांगितलं, भुरी पळून गेली. आता हे लिहिता लिहिता ह्यायचा हात थांबून राह्यला.

खारीवर राग धरू नको. तिले ज्वारीही पाहिजे अन् पिलूही, तिले काय माहीत तुमचा धर्म!

एक गोष्ट मात्र तू लिहिली नाही. मांजराचा आळ मी कवाच इसरली. पण गल्लीतल्या बायांसमोर तू आखीन काय म्हटलं, ते तुले याद हाय का नाही? मले हाय. आमी गाव सोडलं ते त्याच्यापायी, दुकानापायी नाही.

सर्वांले दुआ.
लतीफा

शिरपूर, ता. २४ एप्रिल

लतीफास पानाचा जयजिनेंद्र. वि. वि.

याद आहे. मुद्दामच लिहिलं नव्हतं. मांस खाणाऱ्यांच्या घरचं मांजर, जशी माणसं तसंच ते, असं मी म्हटलं होतं. माझ्या पदमचंदाला देवी आल्या तेव्हा सख्खी माणसं दारात येईनात, अन् तू लिंबाच्या डहाळीनं त्याला वारा घालत बसलीस. त्या तुला मी हे म्हटलं.

काल मंदिरातून येताना कमलीबाई आणि रंगूबाई ओट्यावर होत्या. त्या दिवशीही त्याच होत्या. त्यांना सांगितलं की मी लतीफाला खोटं अन् वाईट बोलले. रंगूबाई म्हणाली, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय. कमलीबाई उठून आत गेली.

ता. ३ मेला अमरसिंगची बैलांची दमणी आसेगावला जाणार आहे. यावंसं वाटतं. पण आधीच सांगते, तुझ्या घरचं पाणी मला घेता येणार नाही. सासरचा नेम आहे, मोडायची हिंमत नाही. त्या बोलण्यानंतर तुला हे कसं लागेल ते कळतं. तरी येऊ का?

तुझीच,
पाना

आसेगाव, ता. २९ एप्रिल

पानाले सलाम.

ये. पाण्याचं मले नवं नाही. इतकी वर्सं शेजारी राहून तू कवा पेली?

अन्वरीले भुरीचं सारं खरं सांगितलं. रडली, मंग म्हणे, मौशी येईन तं सरबत मीच करीन. लिंबंही आणून ठेवले तिनं. मौशी ते काहून पेणार नाही, हे मले तिले सांगता आलं नाही. ते तूच सांग.

वाट पाह्यणारी,
लतीफा